जोखीम सांभाळणाऱ्यांची शाळा

एखाद्या धंद्याचा इतिहास लिहू लागले, म्हणजे त्या धंद्याची हत्यारे, त्याचे कायदे आणि त्यातील कर्ते पुरुष यांच्याकडे लेखकाचे लक्ष प्रथम जाते. परंतु त्या धंद्यातला मनुष्य कचेरीत कोणाच्या शेजारी बसतो आणि कोणाच्या हुकमाने वागतो, या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीतून त्याची खरी प्रतिष्ठा जितकी कळते, तितकी ती गौरवग्रंथांतून कळत नाही. विमा कंपन्या, बँका आणि व्यापारी पेढ्या यांच्या संगणकांवर येऊ शकणाऱ्या संकटांचा अदमास घेऊन त्यांचा बंदोबस्त करणारा एक नवा अधिकारी गेल्या अर्धशतकात उदयास आला. त्याला घडविण्यासाठी आज परीक्षा, प्रमाणपत्रे आणि अभ्यासवर्ग यांचा मोठा पसारा जगभर मांडला गेला आहे. या पसाऱ्याच्या पूर्वपीठिकेचा शोध घेताना आम्हांला तीच कसोटी सर्वांत उपयोगी वाटली. हा मनुष्य प्रथम यंत्राच्या खोलीतच होता. पुढे हिशेबतपासनिसांच्या टेबलाच्या कडेला त्याला जागा मिळाली. आणि तेथून संचालकमंडळाच्या दारापर्यंत पोहोचण्यास त्याला सुमारे तीस वर्षे लागली. दाराच्या आत तो सर्वत्र गेला आहे, असे आजही म्हणवत नाही.

साठीच्या दशकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांचे संगणक म्हणजे थंडगार, कुलूपबंद खोलीत ठेवलेली अवाढव्य कपाटे होती. पंच कार्डांचे गठ्ठे आत जात, छापील कागदांच्या चळती बाहेर येत, आणि खोलीला पक्के कुलूप, दाराशी विश्वासू रखवालदार व कोपऱ्यात आग विझविण्याचे साधन एवढे असले, की सुरक्षेचा विचार संपला असे समजले जाई. ही समजूत ढासळली ती एकाच यंत्राचा वेळ अनेकांनी दूरध्वनीच्या तारेवरून वाटून घेण्याची पद्धत रूढ झाली तेव्हा. तार एकदा भिंतीपलीकडे गेल्यावर दाराच्या कुलपाला फारसा अर्थ उरला नाही. रँड या संशोधनसंस्थेतील विलिस वेअर यांनी १९६७ साली अटलांटिक सिटी येथील संगणकतज्ज्ञांच्या परिषदेत या विषयाला वाचा फोडली, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी तयार केलेला १९७० च्या फेब्रुवारीतील अहवाल या शास्त्राचा आद्य दस्तऐवज गणला जातो. गंमत अशी, की सुरक्षेची तत्त्वे सांगणारा हा अहवालच गोपनीय ठरवून १९७५ पर्यंत कडीकुलपात ठेवण्यात आला, आणि त्यामुळे व्यापारी जगाच्या हाती तो उशिरा पडला.

लवकर पडला असता, तरी त्याने व्यापाऱ्याचे पुरते समाधान झाले असते असे मात्र नाही. कोणता कागद कोणी वाचावा, ही लष्कराची मुख्य चिंता. कोणत्या वहीत कोणी लिहावे, ही पेढीची. पेढीचा ताळेबंद परक्याने वाचला तर आकाश कोसळत नाही, वर्षअखेर तो छापून वाटावयाचाच असतो. परंतु कारकुनाने खात्यातला एक आकडा गुपचूप फिरविला, तर पेढी बसू शकते. हा भेद कोणत्याही मुनिमाला सांगावा लागला नसता. तथापि शास्त्रीय परिभाषेत तो नीट मांडला जाण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षी डेव्हिड क्लार्क आणि डेव्हिड विल्सन यांनी लष्करी व व्यापारी सुरक्षानीतींची तुलना करणारा जो निबंध लिहिला, तो आजही विद्यार्थ्यांना नेमला जातो. या दोघांपैकी क्लार्क हे एमआयटीतील संगणकशास्त्रज्ञ, आणि विल्सन हे हिशेबतपासणी करणाऱ्या एका मोठ्या पेढीतले, हा योग आम्हांला केवळ योगायोग वाटत नाही.

कारण या विद्येचे पहिले गुरुजी हिशेबतपासनीसच होते. कागदी हिशेबाच्या काळी तपासनिसाला वहीच साक्ष देत असे. बदललेली शाई, निराळे वळण, खाडाखोड, पान फाडून त्या जागी शिवलेले दुसरे पान, यांतली एखादी खूण सापडली की चौकशीला धागा मिळे. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत उतरली का, आणि खतावणीची बेरीज ताळेबंदाशी मिळाली का, हे पानोपानी पाहता येई. चुंबकीय फितीवर हस्ताक्षर कोणाचेच नसते, आणि पुसलेल्या जागी पुसल्याचा डागही राहत नाही. अशा स्थितीत तपासनिसापुढे दोन वाटा होत्या: यंत्रात गेलेले कागद आणि यंत्रातून आलेले कागद ताडून पाहून मधल्या पेटीला वळसा घालून जावे, किंवा धीर करून त्या पेटीतच शिरावे. ज्यांची निम्मी हयात वह्यांवर खुणा करण्यात गेली होती, त्यांनी बहुतेक करून वळसाच पसंत केला, आणि त्यासाठी त्यांना फार दोष देता येणार नाही. ज्यांना तो वळसा टोचू लागला होता, असे काही तपासनीस लॉस एंजेलिसच्या परिसरात १९६७ पासून एकत्र येऊ लागले. तो मुलूख विमानांच्या कारखान्यांचा. संगणकांचा वापर तेथे विपुल. डग्लस कंपनीतील स्टुअर्ट टिरनॉअर यांच्या पुढाकाराने १९६९ साली या मंडळींनी आपल्या संघाची रीतसर नोंदणी केली. यंत्रावरील हिशेबांच्या तपासनिसांचा हा लहानसा संघच पुढे ‘इसाका’ या नावाने जगभर पसरला, आणि आज बँकेच्या किंवा कंपनीच्या या शाखेतील उमेदवाराला ज्या परीक्षांना बसावे लागते, त्यांतल्या अनेक परीक्षा त्याच्याच आहेत.

संघ स्थापन झाला, पण त्याचे म्हणणे कोणी ऐकेना. ते ऐकविले एका घोटाळ्याने, आणि तोही त्याच शहरात उघडकीस आला. इक्विटी फंडिंग ही विमा व गुंतवणूक यांची कंपनी सत्तरीच्या आरंभी अमेरिकेच्या शेअरबाजारात मोठ्या मानाने मिरवत होती. १९७३ च्या मार्चमध्ये कंपनीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या एका अधिकाऱ्याने न्यूयॉर्कच्या विमा खात्याला आणि रे डर्क्स या शेअरबाजारातील विश्लेषकाला जाऊन सांगितले, की कंपनीच्या पुष्कळशा विमेदारांना जगात अस्तित्वच नाही. चौकशीअंती सुमारे ९७,००० पॉलिसींपैकी ६४,००० च्या घरातल्या पॉलिसी निव्वळ काल्पनिक निघाल्या. या काल्पनिक माणसांचे विमे दुसऱ्या विमा कंपन्यांना विकून रोख पैसा उभा केला जाई. मधूनमधून त्यांतल्या कोणाला मृत्यूही दिला जाई आणि त्याची रक्कम वसूल केली जाई. खऱ्या विमेदारांना हप्त्यांची बिले जावीत आणि खोट्यांना जाऊ नयेत, म्हणून खोट्यांच्या नोंदींवर ‘९९’ या विभागाचा आकडा टाकून ठेवला होता, आणि संगणक तो आकडा पाहून त्यांना निमूटपणे वगळत असे. तपासनिसांनी एखाद्या पॉलिसीची फाइल मागितली, तर ती आज हाती लागत नाही असे सांगून वेळ मारून नेत, आणि अधिकारी मंडळी संध्याकाळी कचेरीत जमून वैद्यकीय तपासणीच्या कागदासह ती फाइल रात्रीतून सिद्ध करीत.

या प्रकरणाचा बोध काय, यावर पुढे पुष्कळ लिहिले गेले. वर्तमानपत्रांनी त्याला संगणकाचा गुन्हा म्हटले. काही जाणत्यांनी ते नाकारून, हा जुन्याच धर्तीचा हिशेबी दरोडा आहे आणि संगणकाने त्यात केवळ हमालाचे काम केले, असे प्रतिपादन केले. आमचा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. परंतु शिक्षणाच्या दृष्टीने पाहता दोन्ही पक्षांना एक गोष्ट कबूल करावी लागली. यंत्र कोणी फोडले नव्हते, कोणी परका आत घुसला नव्हता, कुलपे सगळी शाबूत होती. चोर वरच्या मजल्यावर, उत्तम खुर्चीत बसला होता, आणि यंत्राची तपासणी करणाऱ्या माणसाला तो मजला चढण्याचा अखत्यारच नव्हता. तपासनिसाने पेटीला वळसा घालून भागणार नाही, हे तर सिद्ध झालेच. पण पेटीत शिरलेल्याने आपले निष्कर्ष नेऊन द्यावयाचे कोणाकडे, हा अधिक अवघड प्रश्न त्याच वेळी जन्माला आला. त्याचे उत्तर त्या पिढीला सापडले नाही.

पाच वर्षांनी, १९७८ च्या ऑक्टोबरात, पुन्हा लॉस एंजेलिसलाच सिक्युरिटी पॅसिफिक बँकेतून एक कोटी दोन लाख डॉलर एका दूरध्वनीवर निघून गेले. स्टॅन्ली रिफ्किन हा संगणकाचा सल्लागार बँकेच्या तारखोलीत कामानिमित्त येत-जात असे. पैसे धाडण्याचा त्या दिवसाचा सांकेतिक आकडा तेथल्या कारकुनांनी, रोजच्या रोज पाठ कोण करणार म्हणून, कागदावर लिहून समोर लावलेला असे. रिफ्किनने तो वाचला, ध्यानात ठेवला, बाहेर येऊन सार्वजनिक दूरध्वनीवरून बँकेचाच अधिकारी असल्याची बतावणी केली, आणि रक्कम न्यूयॉर्कमार्गे स्वित्झर्लंडच्या वाटेला लावली. पुढे त्याने त्या पैशांतून रशियन हिरे घेतले आणि तो पकडलाही गेला, तो भाग रंजक असला तरी आपल्या कामाचा नाही. आपल्या कामाचे एवढेच, की पैसे पाठविण्याचा हुकूम देणे, तो खरा आहे याची शहानिशा करणे आणि तो अंमलात आणणे, ही तिन्ही कृत्ये एका आवाजाच्या भरवशावर उरकली गेली. अधिकारांची विभागणी हा या शाखेच्या अभ्यासक्रमातला पहिला धडा होय. मराठी वाचकाला तो शिकविण्यास परदेशी ग्रंथांपर्यंत जावयास नको. शिवकालीन गडांवर हवालदार, सबनीस आणि सरनौबत हे तिघे बरोबरीच्या दर्जाने कारभार पाहत आणि कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे निराळा असे, हे सभासदाच्या बखरीमुळे आपल्याला ठाऊक आहे, आणि त्यामागची दृष्टी एकट्या मनुष्याला गड शत्रूच्या स्वाधीन करता येऊ नये हीच होती. मात्र एवढ्यावरून आमच्या पूर्वजांना संगणकशास्त्र अवगत होते असा निष्कर्ष कोणी काढू नये. संशयाचे शास्त्र सर्वच राज्यकर्त्यांना अवगत असते, आणि ते विसरण्याची कलाही.

सत्तरीच्या याच दशकात जोखमीला आकड्यांत बसविण्याचा उद्योग सुरू झाला. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने १९७४ साली संगणकगृहाच्या सुरक्षेची व जोखीम-व्यवस्थापनाची मार्गदर्शिका काढली, आणि १९७९ साली जोखमीच्या मोजमापाची दुसरी; या दुसरीच्या मुळाशी आयबीएममधील रॉबर्ट कोर्टनी यांचे सूत्र होते. एखादे संकट आले तर नुकसान किती, आणि असे संकट वर्षातून किती वेळा येण्याचा संभव, या दोहोंचा गुणाकार केला म्हणजे वर्षाचे अपेक्षित नुकसान निघते, आणि उपायाचा खर्च त्याहून कमी असेल तरच तो करावा, असा हा सरळ हिशेब. विमा व्यवसायाच्या गणितावर पोसलेल्या व्यवस्थापकांना तो तत्काळ पटला. पटण्यासारखा तो आहेच. अडचण एवढीच, की मरणाच्या आणि आगीच्या नोंदी शतकभराच्या असतात, तर नोकराच्या बेइमानीच्या वारंवारतेची नोंद कोणत्याही दप्तरात नसते. स्टॅनफोर्ड संशोधन संस्थेतील डॉन पार्कर यांनी सत्तरीच्या आरंभापासून संगणकविषयक गैरकृत्यांची प्रकरणे परिश्रमाने गोळा केली, गुन्हेगारांच्या मुलाखती घेतल्या, आणि १९७६ साली त्यांवर ग्रंथही प्रसिद्ध केला. ज्याच्यापाशी या विषयाची सर्वांत मोठी सामग्री होती, तोच गृहस्थ पुढे जोखीम अशी मोजता येते या कल्पनेचा कट्टर विरोधक झाला, ही गोष्ट सूत्रे घोकणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

परीक्षांचा इतिहास आम्ही थोडक्यात उरकतो, कारण परीक्षा सर्वत्र सारख्याच असतात. तपासनिसांच्या संघाने संगणक-हिशेबतपासनिसाची पहिली परीक्षा १९८१ साली घेतली. १९८७ च्या कायद्याने अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरांना संगणक-सुरक्षेचे शिक्षण ठरावीक काळाने देणे सक्तीचे झाले. १९८८ च्या २ नोव्हेंबरला कॉर्नेल विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याने सोडलेल्या ‘वर्म’ने, म्हणजे यंत्रातून यंत्रात आपोआप पसरणाऱ्या प्रोग्रॅमने, त्या वेळच्या लहानशा इंटरनेटवरील हजारो यंत्रे ठप्प केली, आणि त्याच महिन्यात कार्नेगी मेलन विद्यापीठात संकटकाळी धावून जाणारे पहिले पथक उभे राहिले. सुरक्षा-व्यावसायिकांना प्रमाणपत्र देणारा ‘आयएससी-स्क्वेअर’ हा दुसरा संघ १९८९ सालचा, आणि ‘सीआयएसएसपी’ ही त्याची सुप्रसिद्ध पदवी १९९४ पासूनची. या सर्व खटाटोपातून यंत्र जाणणारे पुष्कळ तयार झाले. त्यांना धंदा कळतो का, हे मात्र अजून कोणी विचारले नव्हते.

ते विचारण्याची पाळी सिटीबँकेवर आली. १९९४ साली सेंट पीटर्सबर्ग येथून व्लादिमीर लेविन आणि त्याचे साथीदार यांनी बँकेच्या मोठ्या व्यापारी खातेदारांचे परवलीचे शब्द वापरून सुमारे एक कोटी डॉलर निरनिराळ्या देशांतील खात्यांत वळविले. १९९५ च्या मार्चमध्ये लेविन लंडनजवळच्या विमानतळावर पकडला गेला, आणि अखेरीस चार लाख डॉलर वगळता बाकीची रक्कम हाती लागली. पैशांची हानी बँकेच्या मानाने किरकोळ. परंतु बातमी फुटल्यावर प्रतिस्पर्धी बँका तिच्या खातेदारांना गाठू लागल्या, आणि आपण कुलपे विकत नसून विश्वास विकतो याची जाणीव चालकांना झाली. त्यांनी १९९५ साली स्टीव्ह कॅट्झ यांना पाचारण केले, आणि त्यांच्यासाठी जे पद निर्माण केले, त्याला मुख्य माहिती-सुरक्षा अधिकारी, बँकांच्या बोलीत ‘सीआयएसओ’, असे नाव पडले. जगातील पहिला सीआयएसओ म्हणून त्यांचेच नाव घेतात. कॅट्झ यांच्या कामात यंत्रांइतकाच वेळ माणसांना द्यावा लागे. बँकेच्या बड्या खातेदारांना स्वतः भेटून, काय घडले आणि त्यावर काय तजवीज केली हे त्यांच्या भाषेत समजावून सांगणे हा त्यांच्या कर्तव्याचा भाग होता. तेथून या विद्येच्या अभ्यासक्रमाला निराळे वळण लागले: कोणते छिद्र कोठे आहे एवढे सांगून भागेना, त्या छिद्रामुळे कोणता व्यवहार किती दिवस बंद पडेल आणि तो बंद पडला तर कोणाला तोंड दाखवावे लागेल, हे सांगता येणारा मनुष्य हवा झाला.

ब्रिटनने त्याच वर्षी काढलेले ‘बीएस ७७९९’ हे मानक, तपासनिसांच्या संघाने १९९६ साली सिद्ध केलेली ‘कोबिट’ ही नियंत्रणांची संहिता, आणि एन्रॉन कंपनीच्या दिवाळखोरीनंतर अमेरिकेने २००२ साली केलेला सार्बेन्स-ऑक्स्ली कायदा, ही या वळणावरची पुढची ठाणी होत. त्या कायद्याने कंपनीच्या प्रमुखांना हिशेबावरील अंतर्गत नियंत्रणाबद्दल आपल्या सहीने ग्वाही देणे भाग पाडले, आणि हिशेब सारा यंत्रावर असल्याने यंत्राची जोखीम प्रथमच त्यांच्या सहीखाली आली. ज्याला सही करावयाची असते, तो मनुष्य एकाएकी जिज्ञासू होतो. सुरक्षेच्या व्यवस्थापकांसाठी ‘सीआयएसएम’ ही परीक्षा याच सुमारास, आणि केवळ जोखमीच्या नियंत्रणाला वाहिलेली ‘सीआरआयएससी’ ही २०१० साली आली.

आपल्याकडे हा प्रवाह बँकांच्या वाटेने आला. भारतीय बँकरांची संस्था १९२८ पासून परीक्षा घेत होती, आणि ‘सीएआयआयबी’ उत्तीर्ण झाल्यावर मिळणाऱ्या वेतनवाढीचा हिशेब बँकेत चिकटलेल्या प्रत्येक तरुणाला तोंडपाठ असे; पण त्या परीक्षेत यंत्राला स्थान नव्हते, कारण बँकेतच ते फारसे नव्हते. कर्मचारी संघटनांशी १९८३ साली झालेला समझोता आणि रंगराजन समितीचा १९८४ चा अहवाल यांनंतर शाखाशाखांतून लेजर-पोस्टिंगची यंत्रे आली. त्या वेळचा सारा वाद नोकऱ्या जातील की राहतील याभोवती फिरला, आणि तो स्वाभाविकही होता; मात्र सुरक्षेचा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला, तो नव्वदीत शाखा एकमेकींना जोडल्या जाईपर्यंत मागेच राहिला. माहिती-तंत्रज्ञानाचा कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अंमलात आला. परंतु आमच्या कसोटीला उतरणारा पहिला कागद म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या गोपालकृष्ण कार्यगटाचा २०११ चा अहवाल. सुरक्षा-अधिकाऱ्याने जोखीम-व्यवस्थापनाच्या प्रमुखाला जबाबदार असावे, माहिती-तंत्रज्ञानाच्या प्रमुखाच्या थेट हाताखाली असू नये, असे त्यात स्पष्ट शब्दांत सांगितले आहे. ज्याच्या कामातले दोष काढावयाचे, त्याच्याच हाती दोष काढणाऱ्याची बढती असू नये, हे न्यायाधीश व फौजदार यांच्या बाबतीत सर्वांना मान्य असलेले तत्त्व संगणकाच्या बाबतीत असे लेखी मांडले गेले.

पुढे २०१६ च्या फेब्रुवारीत, ढाक्याला साप्ताहिक सुटी लागण्याच्या आदल्या रात्री, बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे न्यूयॉर्कला सुमारे ९५ कोटी डॉलरच्या ३५ खोट्या आज्ञा गेल्या. त्यांतील ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचून नाहीसे झाले, आणि श्रीलंकेकडे निघालेले दोन कोटी केवळ एका शब्दाच्या अशुद्ध लेखनामुळे अडले. चार महिन्यांनी, २ जूनला, रिझर्व्ह बँकेने अनुसूचित व्यापारी बँकांना सायबर-सुरक्षेची चौकट घालून दिली: या विषयाचे धोरण संगणक-धोरणाहून वेगळे असावे, त्याला संचालकमंडळाची मंजुरी असावी, आणि दुर्घटना घडल्यास दोन ते सहा तासांत कळवावे. ही आज्ञा नागरी सहकारी बँकांना उद्देशून नव्हती.

पुण्याची कॉसमॉस ही १९०६ साली स्थापन झालेली, राज्यातल्या अत्यंत जुन्या व मोठ्या नागरी सहकारी बँकांपैकी एक. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुटीचा दिवस होता. एटीएममध्ये कार्ड घातले, म्हणजे पैसे द्यावे की न द्यावे हे बँकेच्या मुख्य संगणकाला विचारणारी जी मधली यंत्रणा असते, तिला ‘स्विच’ म्हणतात. चोरांनी बँकेच्या जाळ्यात आधीच शिरकाव करून खऱ्या स्विचच्या जागी स्वतःचा तोतया बसविला होता, आणि तो मुख्य संगणकाला काहीएक न विचारता येईल त्याला होकार देत होता. बनावट कार्डे घेतलेली माणसे त्याच काही तासांत २८ देशांतील एटीएमसमोर उभी होती. सुमारे १२,००० व्यवहारांत त्यांनी ७८ कोटी रुपये काढले. भारतातही कोल्हापुरासारख्या ठिकाणी रुपे कार्डांवरून सुमारे २,८०० व्यवहारांत अडीच कोटी निघाले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधील आंतरराष्ट्रीय पैसे-पाठवणीचे संदेश नेणाऱ्या स्विफ्ट यंत्रणेमार्फत आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात रवाना झाले. एकूण हानी ९४ कोटी ४२ लाखांची. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली, आणि २०२३ साली पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरविले.

ग्राहकांच्या खात्यांतले पैसे गेले नाहीत, असे बँकेने जाहीर केले, आणि तांत्रिक अर्थाने ते बरोबरच होते, कारण तोतया स्विचने त्या खात्यांकडे ढुंकूनही पाहिले नव्हते. तोटा बँकेने सोसला. पण सहकारी बँक म्हणजे तिचे सभासदच. ढाका आणि पुणे या दोन्ही ठिकाणी सुटीच साधली गेली, हे शिक्षकांच्या ध्यानातून सुटले नाही. सुटीच्या दिवशी प्रसंग ओढवल्यास कोणाला उठवावयाचे, स्विच बंद करण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो अधिकारी पाहुण्यांकडे गेला असेल तर त्याच्या मागे कोण, या प्रश्नांची तालीम आता बँकांच्या वर्गांतून करून घेतात. हैदराबादची आयडीआरबीटी ही रिझर्व्ह बँकेने १९९६ साली उभारलेली संस्था बँकांकडून लुटुपुटीच्या हल्ल्यांचे सराव करून घेते. पुण्यात रिझर्व्ह बँकेचे कृषी अधिकोषण महाविद्यालय आहे. शेतकी कर्जांच्या शिक्षणासाठी १९६९ साली निघालेल्या या महाविद्यालयात सहकारी बँकांची मंडळी आता परवलीचे शब्द आणि तोतया संदेश यांविषयीही ऐकावयास बसतात, हे त्याच्या संस्थापकांना स्वप्नातही आले नसेल.

नागरी बँकांसाठी पहिली मूलभूत चौकट १९ ऑक्टोबर २०१८ रोजी निघाली, आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने त्यांच्या चार पायऱ्या पाडल्या. सर्वांत खालच्या पायरीवर बँकेच्या स्वतःच्या नावाचा ईमेल, परवलीच्या शब्दांचे धोरण, अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नये असे कर्मचाऱ्यांना शिकविणे, अशा प्राथमिक गोष्टी आहेत. अहोरात्र पहाऱ्याचे केंद्र, सुरक्षा-अधिकारी आणि त्याच्या समित्या यांचा तपशीलवार कारभार चौथ्या पायरीसाठी राखला आहे. चौथ्या पायरीची एक खूण, स्वतःचा एटीएम स्विच आणि स्विफ्टची जोडणी ही दोन्ही असणे, अशी दिली आहे. परिपत्रकात कोणाचेही नाव नाही, परंतु २०१८ चा ऑगस्ट स्मरणात असलेल्या वाचकाला ते वाचावयास अडचण पडत नाही. त्याच तारखेला रिझर्व्ह बँकेने दुसरेही एक परिपत्रक काढले. शंभर कोटी वा त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी बँकांनी निवडून आलेल्या संचालकमंडळाखेरीज जाणकारांचे एक व्यवस्थापन मंडळ नेमावे, आणि त्या जाणकारीत माहिती-तंत्रज्ञानाचाही समावेश असावा, असे त्यात होते. अशा मंडळाची शिफारस रिझर्व्ह बँकेच्याच मालेगाम समितीने २०११ सालीच केलेली होती, आणि सहकार क्षेत्राचा तिला तेव्हापासूनच विरोध होता. सभासदांनी निवडलेल्या संचालकांवर नेमलेले शहाणे कशाला, हे त्यांचे म्हणणे. चार पायऱ्यांच्या परिपत्रकाची अंमलबजावणी यंत्रे खरेदी करून बरीचशी करता आली. हे दुसरे परिपत्रक खुर्च्यांचे असल्यामुळे त्यावर बैठका पुष्कळ झाल्या.